उंचीने भागलेलं समीकरण

धाकट्या नणंदेला जुळं झालं, त्या वर्षी घरातल्या थोरल्या सुनेकडे तिच्या कंपनीत आजाऱ्यांना उचलणाऱ्या पलंगाचं गणित आलं. पलंगाखाली सांध्यांनी जोडलेले लोखंडी दांडे. ते कुठे कुठे उभे राहू शकतात हे शोधायला सात समीकरणं आणि सात अज्ञात संख्या. संगणकाने एकेक संख्या बाजूला काढत जायचं आणि शेवटी एकीचंच समीकरण उरवायचं. ती हाती लागली की बाकीच्या तिच्या मागून येतात. पण मधली समीकरणं अशी फुगली की तीन दिवस झाले तरी यंत्र हूं की चूं करेना. मग सुनेने एक समीकरण पलंगाच्या उंचीने, म्हणजे त्या सातांतल्याच एका संख्येने, भागून हलकं केलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: पलंग कलंडत नाही. तिने अहवालाखाली सही ठोकली. सोमवारी पलंग रुग्णालयात जायचा होता.

रविवारी जेवताना सासऱ्यांनी पलंगाचं चित्र पाहिलं. चाळीस वर्षं फिटर होते ते.

“पार खाली बसला की दांडे एका ओळीत येतात ना गं?”

“येतात, बाबा.”

“मग उठताना एखादा उलटा फिरला तर? माझ्या हातात फिरलाय. बोट थोडक्यात वाचलं.”

“संगणकाला तसं काही सापडलं नाही.”

“त्याने कधी पाना धरलाय?”

नवरा हसला. ती हसली नाही. पार खाली म्हणजे उंची शून्य, आणि ती उंचीनेच भागून बसली होती. शून्याने भागता येत नाही हे पहिल्या बाकावरचं पोरही सांगेल. भागाकाराबरोबर ती अख्खी स्थितीच गळून पडली होती.

“बाबा, सही केलीय मी.”

“मग खोड. अजून कुणी चढलेलं नाही त्यावर.”

तिने उष्ट्या हातानेच कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

“आता? अहो, गाडी ठरलीय!”

“रद्द करा. चूक माझी आहे.”

साहेब दोन महिने तिच्याशी नीट बोलले नाहीत. तिने उंची शून्य असताना काय होतं ते वेगळं सोडवलं. दांडे खरोखरच फिरत होते, पलंग तिरका होत होता. सासऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे खाली दांड्यांना अडवणारी एक अडणी बसवली, म्हणजे पलंग पार खाली बसणार नाही आणि दांडे ओळीत येणारच नाहीत. मग पलंग गेला.

सासरे पुढच्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला सकाळी वारले; तोवर पलंग एकदाही कलंडला नव्हता.