चाखून सही

दोघी जावा एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं राबल्या. थोरली आधी लागली होती. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा थोरलीनेच तिला शाळेत आणलं. "एका ओट्यापाशी दोन जावा म्हणजे भांडण ठरलेलं," ती मुख्याध्यापिकेला म्हणाली होती, "पण इथला ओटा लांब आहे." भांडण कधी झालंच नाही. दोनशे मुलांसाठी दाण्यांचा दाट रस्सा, गाजर-मटारचा भात आणि आठवड्यातून दोनदा अंडं असायचं. धाकटी चिरायची, थोरली फोडणी बघायची. मुलं ताटं चाटूनपुसून परत द्यायची.

मग वरून पत्र आलं. सगळ्या शाळांचं जेवण आता गावाबाहेरच्या एका कंपनीच्या स्वयंपाकघरातून येणार होतं. शेगड्या काढून नेल्या, फरशीवर त्यांचे काळे चौकोन तेवढे राहिले. धाकटी त्या कंपनीत कामाला लागली. थोरलीला शाळेने ठेवून घेतलं, डबे उतरवायला आणि वाढायला. आणखी एक काम होतं. मुलांच्या अर्धा तास आधी तिने जेवण चाखायचं आणि वहीत लिहून सही करायची.

पहिल्याच दिवशी तिने ओगराळं बुडवून वर काढलं तर नुसतं पिवळं पाणी गळलं. तळ ढवळला तेव्हा चार दाणे वर आले.

संध्याकाळी ती वरच्या मजल्यावर धाकटीच्या खोलीत गेली. दीर पाठीच्या दुखण्याने वर्षभर घरीच होता, तो भिंतीला उशी लावून बसला होता.

"अगं, दाणे कुठे गेले सगळे?"

"पोत्यात," धाकटी म्हणाली. "पोती उघडतच नाहीत अर्धी. आली तशी मागच्या दाराने जातात. पिठाची पेस्ट आणि रंग घातला की दाट दिसतं. तुमच्याकडे पोचेपर्यंत त्याचंही पाणी होत असेल."

"आणि तुम्ही सगळ्या मूग गिळून?"

"मूग तरी कुठे मिळतात तिथे गिळायला?" ती हसली, पण लगेच तिचा आवाज उतरला. "ताई, डब्यावर पाळीची चिठ्ठी असते. तुमच्याकडे येतात ते आमच्याच पाळीचे. तुम्ही वाईट लिहिलंत की वरच्यांना काही होत नाही, आम्हाला घरी बसवतात. यांची पाठ तुम्ही बघताच आहात."

दिराने पाठीमागची उशी जरा वर सरकवली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने वहीत लिहिलं, 'चव चांगली. दाटपणा चांगला. खाण्यास योग्य.' हात जरा अडला, पण सही झाली. मग रोजच होऊ लागली.

मुलांनी त्या रस्स्याला 'आंघोळीचं पाणी' नाव ठेवलं. ज्याच्या ताटात दोन दाणे सापडतील तो त्या दिवसाचा राजा, असा खेळही निघाला. थोरलीला आधी हसू आलं होतं. नंतर ती वाढताना मान वर करीनाशी झाली. निम्मं जेवण बादलीत जायचं, आणि शाळा सुटली की समोरच्या दुकानापाशी ही गर्दी. तळलेल्या कुरकुरीत नळ्या, रंगीत सरबतं, गोड पाव. दुकानदाराने दारात पाकिटांची आणखी एक माळ लावली.

दुसरीत एक मुलगी होती, तिला सगळे बडबडी म्हणायचे. जुन्या दिवसांत ती रोज खिडकीशी यायची, "आज काय?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या दातापासून शेजारच्या मांजरीपर्यंत सगळं सांगून टाकायची. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईघरात होती, पहाटेच निघायची. मुलीचं दुपारचं जेवण शाळेवर, आणि त्यामुळेच आई निर्धास्त होती. नव्या डब्यांनंतर दोनेक महिन्यांत मुलगी खिडकीशी येईनाशी झाली. पायरीवर बसायची, मधल्या सुट्टीतही. बोटांना नळ्यांचा नारिंगी रंग लागलेला असायचा.

शाळेत तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि आईला बोलावून घेतलं. मुख्याध्यापिकेने थोरलीला वही घेऊन यायला सांगितलं.

आई कामाच्या कपड्यांतच आली होती, हात ओलाव्याने सुरकुतलेले. मुलगी तिच्या मांडीला टेकून उभी होती.

"रक्त फार कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन गेल्या वर्षीपेक्षाही उतरलंय. घरी काय खाते ही?"

"संध्याकाळी मी आले की भात करते. मी येईपर्यंत भूक भूक करते म्हणून एखादं पाकीट ठेवते घरात. दुपारी शाळेत जेवते ना."

"शाळेचं जेवण रोज तपासलं जातं," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि वही आईपुढे सरकवली. "हे बघा. पाकिटांनी पोट भरतं आणि मुलं ताटात टाकतात. हे घरूनच थांबायला हवं."

आईने पानं उलटली. 'चांगली', 'चांगला', 'योग्य'. तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही वाढता ना? ही जेवते का हो?"

"जेवते," थोरली म्हणाली.

"पोटभर?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे दिराची उशी आली. "हो," ती म्हणाली.

आईने वही मिटली. "मग माझंच चुकतंय," असं म्हणून तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

पुढच्या सोमवारी मुलगी आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, आईने तिला दुसऱ्या गावी मावशीकडे ठेवलंय. मावशी घरीच असते, ती नीट खायला घालेल. आई दाखला न्यायला आली तेव्हा म्हणत होती, शाळेच्या वहीत सगळं चांगलं लिहिलंय, म्हणजे माझ्यानेच होत नाही.

थोरलीने त्या दिवशी डबा उघडला, चाखला आणि वही घेऊन बसली. तिने एक पान भरून लिहिलं. दाणे किती, पाणी किती, आणि मागच्या चार महिन्यांत मी लिहिलेलं सगळं खोटं आहे, हेही. खाली सही केली आणि वही मुख्याध्यापिकेच्या टेबलावर नेऊन ठेवली. घरी ती कोणाशी काही बोलली नाही.

चौकशी झाली. दोन साहेब आले, डबे बघून गेले. कंपनीने धाकटीच्या पाळीच्या साऱ्या बायका काढून टाकल्या, नव्या घेतल्या आणि तसं शाळेला कळवलं. पोत्यांचं नाव कुठे निघालं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ओलं तेवढंच जळलं. रस्सा तसाच येत राहिला. चाखण्याचं काम मात्र थोरलीकडून काढून एका शिक्षकांना दिलं.

धाकटीने आरडाओरडा केला नाही. पंधरा दिवस ती जिन्यावरून मुकाट्याने येत-जात राहिली, आणि मग नवऱ्याला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. थोरलीचा नवरा भावाचं सामान पोचवून आला आणि दोन दिवस जेवला नाही.

थोरली एका दुपारी धुलाईघरात गेली. वाफेत मुलीची आई चादरी यंत्रातून काढत होती. थोरलीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

आईने हातातली चादर खाली ठेवली. "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी तिला डबा दिला असता. भाकरतुकडा काही तरी बांधून दिलं असतं. पाठवली नसती." तिने चादर पुन्हा उचलली. "आता वर्ष संपेपर्यंत तिकडची शाळा सोडता येत नाही."

ती पुन्हा यंत्राकडे वळली. थोरली निघाली.

धाकटीकडे जायला तिला आणखी महिना लागला. धाकटीने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली. कुरकुरीत नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तिला पाकिटं बंद करायचं काम लागलं होतं. अंगात तिथला निळा कोट होता, निघायच्या तयारीत होती.

"भावजींची पाठ कशी आहे?"

"आहे तशीच." धाकटी कोटाची गुंडी लावत राहिली. "ताई, तुम्ही लिहिलंत ते खरं होतं. मी कुठे नाही म्हणते? पण आधी मला सांगायचं होतं. एकाच जिन्यावरून येत-जात होतो आपण."

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस," थोरली म्हणाली. "आणि मी परत चांगलं लिहिलं असतं."

धाकटीने शेवटची गुंडी लावली.

"हो," ती म्हणाली. "रडले असते." मग ती बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. दोघी कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या, आणि तिथून धाकटी कारखान्याच्या रस्त्याला लागली.