दारात ठेवून घेतलेली पिशवी

मी एक कापडी पिशवी बोलतेय. आधी मी पॅन्ट होते, खाकी, पिराजींची. ते मिलच्या गेटवर वॉचमन होते. नोकरी संपली, पॅन्ट गुडघ्यावर विरली, तेव्हा त्यांच्या बायकोनं तिच्या कापडातनं मला शिवलं. ती माउली गेली. मी राहिले, पिराजींच्या हातात.

रोज सकाळी आम्ही कोपऱ्यावर बसाप्पांच्या दुकानात जायचो. गूळ घ्यायचा तर बसाप्पा आधी खडा पुढं करायचे. "तोंडात टाका की. खारट लागला तर नेऊ नका." चव न बघता कुणी गूळ मागितला तर त्यांनाच राग यायचा.

मग मोठ्या रस्त्यावर काचेच्या दारांचं दुकान झालं. संक्रांतीच्या तोंडावर सून सुवर्णा म्हणाली, "मामा, चला तिकडं. सगळं एकाच जागी मिळतंय, आपल्या हातानं घ्यायचं."

दारातच तिथल्या वॉचमननं मला काढून घेतलं. पिराजींच्या हातात बिल्ला दिला आणि मला खणात कोंबलं. तिथनं आतलं सगळं दिसत होतं.

सुवर्णा डाळ बघत होती. पिराजी गुळापाशी उभे राहिले. कुणाला विचारावं म्हणून इकडंतिकडं बघितलं. कुणीच नव्हतं. त्यांनी सावकाश कागदाचा कोपरा फाडला, नखानं खडा काढला आणि तोंडात टाकला.

अहो, नको! पण मला कुठला आवाज?

वॉचमननं दंड धरून त्यांना दारापाशी आणलं. "ओ पावणं, फुकट खायला आलाय व्हय?"

"चव बघितली रं बाबा. चव न बघता गूळ कोण नेतंय?"

"आणि काय काय घेतलंय? खिसं दावा."

सगळी रांग वळून बघायला लागली. पिराजींनी जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या, तेही "रागावू नका दादा" म्हणत. त्यांच्या खिशात आजवर कुणी हात घातला नव्हता. त्यांनी खिसा उलटा केला. तंबाखूची चंची निघाली आणि माझा बिल्ला.

सुवर्णा धावत आली. रांगेत तिच्या गल्लीतल्या बायका होत्या. ओळख दाखवते का न्हाय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

"हात सोडा आधी! सासरं हायती माझं."

"बाई, हितला नियम हाय."

"फोडलेला गूळ आम्ही नेतोय. आणि खिसं बघायचं असलं तर आधी हे बघा!" तिनं आपली पर्स टेबलावर पालथी केली. फणी, किल्ल्या, टिकल्यांचं पाकीट सगळं घरंगळलं. वॉचमननं मान खाली घातली.

आम्ही घरी निघालो. गूळ माझ्या पोटात होता. गोड होता का, ते पिराजींनी सांगितलं नाही.

पुढं गूळ घ्यायला आम्ही बसाप्पांकडं गेलो. त्यांनी खडा पुढं केला. पिराजींचा हात पुढं झाला, आणि मधेच थांबला. त्यांनी मागं वळून बघितलं.

"चांगलाच असंल. बांधा."

"पिराजी, असं काय करताय?"

"बांधा म्हणतोय न्हवं."

तेव्हापासून बसाप्पा काही विचारत नाहीत. चवीचा खडा वेगळ्या कागदात गुंडाळून माझ्या कोपऱ्यात ठेवतात. घरी गेल्यावर पिराजी दार लोटून घेतात, मग तो खातात.

माझी शिवण आता उसवत चाललीय. मी फाटायच्या आत तुम्ही कुणीतरी एवढं करा. त्यांच्याशेजारी बसाप्पांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहा, आणि सगळ्यांदेखत आधी तुम्ही खडा तोंडात टाका.