अगदी तसंच

ब्लाझेयने राळेचा खडा व्हायोलाच्या गजाला न लावताच वर्दीच्या खिशात टाकला. शेजारी बसलेल्या टोबियासने ते बघितलं आणि आपलं व्हायोलिन जुळवता जुळवता विचारलं,

"ठरलं तर? ऐनवेळी कच खाशील, सांगून ठेवतो."

"नाही खात. बायको ओलोमौत्सला, पोर पाळण्यात, आणि मी इथे या माकडाच्या वर्दीत. तिथल्या चर्चमध्ये वादकाची जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय."

"तुझंच चुकलं. इतकं चांगलं वाजवायला सांगितलं होतं कुणी?"

खरंच होतं ते. ब्लाझेय सुटका मागायला जायचा तेव्हा उमराव हसून म्हणायचा, "असला हात हातचा कसा घालवू?" जणू शिकारी कुत्र्याबरोबर हा हातही त्याने विकत आणला होता. आणि त्याने सोडल्याशिवाय दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. म्हणून आज वाईट वाजवायचं. इतकं वाईट, की त्यानेच हाकलून द्यावं.

उमराव जेवून आला. बोटांना भाजलेल्या तितराची चरबी तशीच. नोकराने गादी सरकवली, चेलो गुडघ्यांत दिला. चौघांच्या वादनात एक जागा मालकाची होती. तो ताल चुकला की बाकीच्यांनी न दाखवता थांबायचं, त्याला गाठू द्यायचं. पगार त्याचाच होता.

पहिलं व्हायोलिन आणि संगीतही पिखलर मास्तरांचं. चार माणसांनी चुलीपाशी बसून बोलावं तसं ते लिहायचे. संथ भागात मास्तर काहीतरी विचारायचे, टोबियास दुजोरा द्यायचा, मग व्हायोला ते बोलणं हळूच उलगडून खाली चेलोच्या ओंजळीत सोडायचा. ती जागा मास्तरांनी ब्लाझेयच्या हातासाठीच लिहिली होती.

ब्लाझेयने ती नासवली. सूर उतरता, बिनराळेचा गज घसरता, वर उशीर. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तरी ब्लाझेयने शेवटपर्यंत तसंच वाजवलं.

वाजवणं संपलं. उमरावाने गज खाली ठेवला. त्याचे डोळे ओले होते.

"ब्लाझेय."

"सरकार."

"इतकी वर्षं मी तुमच्यात बसतो, पण पाहुण्यासारखा. तुम्ही तिघं पुढे, मी आपला मागून फरफटत. मला काय कळत नाही होय? आज पहिल्यांदा माझ्या जोडीला कुणीतरी होतं."

टोबियासला खोकल्याची उबळ आली.

"सरकार, ओलोमौत्सचं..." ब्लाझेयने सुरुवात केली.

"ते डोक्यातून काढ. आता मी तुला मरेपर्यंत सोडत नाही." उमरावाने चेलो पुन्हा जवळ ओढला. "मास्तर, तो मधला भाग परत घ्या. आणि ब्लाझेय, अगदी तसंच हं. उद्याही, परवाही."

ब्लाझेयचा हात राळेसाठी खिशात गेला. उमराव त्याच्याकडेच बघत होता, खेळायला गडी मिळालेल्या पोरासारखा. हात रिकामाच बाहेर आला.

मास्तरांनी विचारलं. टोबियासने दुजोरा दिला. मग ब्लाझेयची पाळी आली, आणि त्याचं बोट सुराच्या किंचित खाली, मघाच्याच जागी, न चाचपडता पडलं.