दोरी खाली सोडा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. तळं आणि जेवणाची शेड यांच्या मधोमध एका खांबावर टांगलेली असते. माझी गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी, पण जरा थांबा. मुलं शेडकडे निघाली आहेत. आधी ती मोजते.

सगळी आहेत.

तर, तांबं आणि कथील वितळवून मला साच्यात ओतलं, घासलं आणि डोंगरातल्या एका लहानशा चर्चवर चढवलं. रविवारी मी लोकांना बोलवायची. कुणी गेलं की सावकाश वाजायची. माझा आवाज दरीपलीकडच्या शेतांत ऐकू जातो, असं लोक कौतुकाने म्हणत. पुढे तिथली माणसं कामासाठी शहरांकडे गेली, चर्चचं छप्पर बसलं, आणि मी बरीच वर्षं गवतात उपडी पडून होते. माझ्या पोटात गांधीलमाश्यांनी घर केलं.

थांबा. एक मुलगा मागे राहिला आहे.

बूट बांधतोय. आला.

गवतातून मला ब्रदर वेंडेल यांनी उचललं. त्यांच्या चर्चमध्ये एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतात, एवढंच; गावात ते ट्रॅक्टर दुरुस्त करत. दर उन्हाळ्यात ते, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मिस ओपल आणि त्यांच्या चर्चची आणखी काही माणसं कामावरून रजा काढून या तळ्याकाठी येत. सेंट लुईस शहरातल्या गरीब वस्त्यांमधली मुलं बसने यायची. त्यातल्या पुष्कळांनी तळं कधी पाहिलेलं नसायचं. ही माणसं त्यांना पोहायला शिकवत, पोटभर जेवू घालत, गाणी म्हणायला लावत आणि रात्री उशा नीट करून देत. बदल्यात काही मागत नसत. फक्त जेवणाआधी हात जोडायचे आणि डोळे मिटायचे.

माझं काम सोपं होतं. एक टोला म्हणजे जेवण. दोन म्हणजे ज्या झाडाखाली उपासना व्हायची तिथे जमा. आणि न थांबता वाजले, तर हातातलं टाकून सगळ्यांनी पाण्याकडे धावायचं.

न थांबता मी एकदाच वाजले. सांगायचं आहे ते तेच.

त्या वर्षी किओना आली होती, नऊ-दहा वर्षांची. बरोबर तिचा सहा वर्षांचा भाऊ डेल्विन. घरी आजी दोन ठिकाणी काम करून या दोघांना वाढवत होती, आणि बस सुटताना तिने एवढंच बजावलं होतं, “त्याचा हात सोडू नकोस.”

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जेवणाच्या पुष्कळ आधी, किओनाने मला एक टोला दिला. सगळी मुलं ताटं घेऊन उभी राहिली. मिस ओपल कालथा घेऊन बाहेर आल्या.

“कुणी वाजवली?”

“मी. डेल्विनला भूक लागली होती.”

“मग मला येऊन सांगायचं.”

“तुम्ही म्हणाला असतात, घंटा वाजल्यावर ये.”

मिस ओपल यांनी कालथा तिच्यापुढे रोखला. मग म्हणाल्या, “जीभ फार चालते तुझी. पुन्हा दोरीला हात लावलास तर दोघांना त्याच दिवशी घरी सोडून येईन. कळलं?”

किओनाचा चेहरा उतरला. डेल्विन इथे रात्री न दचकता झोपला होता, सकाळी त्याने दोनदा अंडी मागून घेतली होती. ती हळूच म्हणाली, “कळलं, मॅम.”

संध्याकाळी ब्रदर वेंडेल यांनी माझी दोरी गुंडाळून वर, मोठ्या माणसाच्या हाताला पुरेल अशा उंचीवर गाठ मारली. “आता वाजव म्हणावं,” ते हसत म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला मात्र त्या गाठीचा घोर लागला. लोलक माझ्याच पोटात असतो, मित्रांनो, पण तो मला हलवता येत नाही.

किओनाची आणखी एक खोड होती. प्रार्थनेत ती एक डोळा उघडा ठेवायची.

“किओना, डोळे मीट,” मिस ओपल म्हणायच्या.

“तुम्हाला कसं दिसलं?”

“मला सगळं दिसतं.”

“म्हणजे तुमचेही उघडेच होते.”

शेजारच्या मुली फिदीफिदी हसायच्या. त्यानंतर मिस ओपल हट्टाने डोळे घट्ट मिटू लागल्या.

मी न थांबता वाजले त्या दुपारी ब्रदर वेंडेल यांनी गोणपाटात कलिंगड बांधून धक्क्याच्या टोकाशी पाण्यात सोडलं होतं, गार व्हायला. मुलं बाकांवर बसली, मुली एका टोकाला, लहान मुलगे दुसऱ्या. ब्रदर वेंडेल यांची प्रार्थना लांब असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “देवाला ऐकू येतं हो,” मिस ओपल आधीच पुटपुटल्या, “बीन्स गार करू नका.”

“आमच्या स्वर्गातल्या पित्या,” ब्रदर वेंडेल म्हणाले.

सगळ्यांचे डोळे मिटले. पोहायला शिकवणारा ग्रेडी, तोही मान खाली घालून बसला.

“या अन्नाबद्दल, या लेकरांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. तळ्यात ठेवलेल्या त्या कलिंगडाबद्दलही, प्रभू.”

डेल्विनने डोळे उघडले. कलिंगड.

“सिस्टर मेबलच्या गुडघ्याला आराम दे.”

तो बाकाखालून सरकत बाहेर आला. अनवाणी होता. माझ्या खालून गेला तरी पावलांचा आवाज झाला नाही.

“ज्यांची शेतं सुकली त्यांना पाऊस दे.”

तो धक्क्यावर पोचला.

“ज्या मुलांना यंदा बसमध्ये जागा मिळाली नाही, त्यांनाही विसरू नकोस.”

तो टोकाला पालथा झोपला आणि गोणपाटाची दोरी ओढू लागला.

मी पाहत होते, मित्रांनो. इतकी माणसं, इतकी मायेची माणसं, आणि एकाचेही डोळे उघडे नव्हते.

मग किओनाचा एक डोळा उघडला. आधी भावाची रिकामी जागा, मग धक्का.

“डेल्विन,” ती ओरडली.

“श्श. प्रार्थना चालू आहे,” मिस ओपल डोळे न उघडता म्हणाल्या.

“पण मॅम, तो...”

“आमेन झाल्यावर सांग.”

गलका झाला की ब्रदर वेंडेल आवाज चढवत. त्यांनी तो चढवला.

पाण्यात काहीतरी पडलं. ते मी ऐकलं आणि किओनाने ऐकलं.

ती धावत सुटली. माझ्यापाशी येऊन थबकली. तिला पोहता येत नव्हतं. तिने तळ्याकडे पाहिलं, मग शेडकडे, मग वर माझ्या दोरीकडे. दोघांना घरी सोडून येईन. तेच आठवलं असणार.

दोरी फार वर होती.

तिने जवळ पडलेला सरबताच्या बाटल्यांचा खोका ओढला. त्यावर चढून उडी मारली. हात पोचला नाही.

पुन्हा मारली. पोचला नाही.

तिसऱ्यांदा बोटं गाठीत अडकली, खोका उलटला, आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला.

मी वाजले.

ती लोंबकळत होती, पाय झाडत होती, आणि मी वाजत होते, चर्चवर कधी वाजले नव्हते तशी. बाकं कलंडली. ग्रेडी बुटांसकट पाण्यात उतरला. डेल्विन गोणपाटाला मिठी मारून होता. कलिंगड तरंगत होतं म्हणून तोही तरंगत होता, नाक कसंबसं वर ठेवून. ग्रेडीने दोघांना एकदमच बाहेर आणलं. डेल्विन खोकला, पाणी ओकला आणि रडू लागला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

मिस ओपल यांनी किओनाला दोरीवरून उतरवलं. तिचे तळहात सोलले होते.

“मी हात लावला,” किओना म्हणाली. “आम्हाला आज पाठवणार?”

मिस ओपल यांनी तिचे हात आपल्या एप्रनमध्ये गुंडाळले.

“आधी जेव,” त्या म्हणाल्या. “बीन्स गार झाल्यात.”

आमेन म्हणायचं राहूनच गेलं. ब्रदर वेंडेल खिशातला चाकू काढून माझ्यापाशी आले. ती गाठ त्यांनी सोडली नाही, कापली. मग नवी दोरी बांधली, डेल्विनच्या हाताला पुरेल इतकी लांब. त्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी एकजण पाठ फिरवून, तळ्याकडे तोंड करून, उघड्या डोळ्यांनी उभा राहू लागला. पहिली पाळी मिस ओपल यांनी मागून घेतली.

याला वर्षं लोटली. ब्रदर वेंडेल गेले, मिस ओपल गेल्या. आता जेवणाची वर्दी कर्णा देतो. मी हिरवी-काळी पडले आहे. यंदा नवी माणसं आली आहेत, तितकीच मायेची. मुलं माझ्या दोरीला सारखी झोंबतात म्हणून काल त्यांनी ती गुंडाळून वर गाठ मारली. तळ्याकडे तोंड करून कुणी उभं राहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मला घासून चकचकीत करू नका. मला रंग देऊ नका. देवापुढे डोळे जरूर मिटा, फक्त एकाने उघडे ठेवा. आणि तुमच्यात जो उंच असेल त्याने एवढं करा, दोरी खाली सोडा, सगळ्यांत लहान हाताला पुरेल इतकी.

सगळी बसली. हात जोडताहेत.

थांबा. मोजते.