पाठमोऱ्या बाई

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनो, तुम्हीही पुढे या. ही गोष्ट हळू आवाजातच सांगायची आहे. बालवाडीतल्या एका बाईंची.

“वर्गाकडे पाठ करून बसता?” तपासणीच्या मॅडम दारातूनच कडाडल्या.

बाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर डोळे निखळलेली बाहुली, हातात सुई, शेजारी वही. मागे चार वर्षांची छकुली एकटीच भातुकली मांडून बसली होती.

“हळू हो मॅडम. ती आत्ता बोलत होती.”

“ही? हिच्या आईनंच तक्रार केलीय. वर्षभर तोंड उघडलं नाही म्हणे!”

आई मॅडमच्या मागेच उभी होती. “घरी टकळी थांबत नाही हिची. इथंच दातखीळ बसते. दिवसभर नुसतं खेळवायचं, मग दुसरं काय होणार!”

बाईंना सगळं ठाऊक होतं. कुणी तोंडाकडे पाहिलं की छकुली मिटायची. पाठ फिरली की बाहुलीला दटावायची. म्हणून बाई रोज काहीतरी शिवायला घेत, पाठमोऱ्या बसत आणि कानावर येईल ते तारखेसकट लिहून ठेवत. देव तरी कुठं आपल्या तोंडाकडे बघत बसतो? पण ऐकतो ना!

मॅडमनी वही चाळली. “‘बाहुलीला म्हणाली, सांडू नकोस गं.’ ‘चार वाट्या मोजल्या, पाचवी लपवली.’ ही प्रगती? या तपासणीच्या तक्त्यात काय विचारलंय? समोर पाहून उत्तर देते. हो की नाही?”

“समोर नाही बघत अजून.”

“बघते कशी नाही, तेच पाहू.” त्यांनी छकुलीला दंडाला धरून वर्गाच्या मधोमध उभं केलं. “नाव सांग. खाली काय बघतेस? माझ्याकडे बघ!”

छकुलीनं फ्रॉकची कड मुठीत आवळली. तिचे कान लाल झाले. मग पायांशी ओल पसरली.

“शी! लाज आणलीस,” आई म्हणाली.

मॅडमनी ‘नाही’वर खूण केली. “मोठ्या गटात हिला जागा मिळणार नाही. बाई, सही करा.”

बाईंनी आधी फडक्यानं छकुलीचे पाय पुसले. मग पेन घेतलं आणि खुणेखाली लिहिलं, ‘बोलते. मी ऐकलं आहे.’ त्याखाली सही केली.

“असलं काही चालत नाही इथं!”

“मग मीही चालणार नाही. बघा काय करायचं ते.”

तक्ता हिसकावून मॅडम निघून गेल्या. बाई पुन्हा पाठ करून बसल्या. सुईत दोरा काही जाईना.

आई दाराशी छकुलीचे बूट शोधत होती. तेवढ्यात बाईंच्या पाठीला एक इवलीशी पाठ टेकली.

“बाई, दुसरा डोळापण लावा हं.”

आई एक बूट हातात धरून तशीच उभी राहिली. बाईंनी मान वळवली नाही.

“चल,” आई म्हणाली. छकुलीला तिनं कडेवर घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत पाठवलं नाही.

बाईंनी त्याच दिवशी बाहुलीला दुसरा डोळा लावला. वहीत तारीख घातली, छकुलीचं वाक्य लिहिलं.

आता उठाल, घरी जाल. देवापुढे हात जोडाल तेव्हा या बाईंची आठवण काढा. नाव मलाही ठाऊक नाही. पाठमोऱ्या बाई म्हणा, त्याला कळेल.