फुटाणा आला तर 'हो'

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत वऱ्हाडात पाहणीवाल्यांचं पीक मात्र जोमात होतं. कोणी बियाण्याचं विचारी, कोणी विहिरीचं, कोणी मनःस्थितीचं. अकोटजवळच्या त्या गावातले लोक इतके सरावले होते की पाहणीवाला दिसला की आधी चहा टाकत आणि मग त्याला हवं ते उत्तर देत.

गीतांजली मात्र अमरावतीहून निराळंच विचारायला आली होती. दोन महिन्यांपूर्वी गावात दंगल झाली होती. 'त्या दिवशी दुसऱ्या धर्माच्या कोणाला घरात आसरा दिला का?' एवढाच तिचा प्रश्न. खरं कोणी सांगणार नाही, म्हणून तिच्या साहेबांनी युक्ती दिली होती. थैलीत न बघता हात घालायचा, निघालेला मणी आपण एकट्यानं पाहायचा आणि परत टाकायचा. लाल आला तर डोळे मिटून 'हो' म्हणायचं, पांढरा आला तर खरं सांगायचं. म्हणजे 'हो' कशामुळे आलं, ते विचारणाऱ्यालाही कळत नाही. पण मण्यांची डबी एसटीत राहिली. मग तिनं बाजारातून फुटाणे आणि कच्चा हरभरा घेतला. फुटाणा म्हणजे 'हो', हरभरा म्हणजे खरं. पोरगी हुशार, पण वऱ्हाडी माणसाच्या हातात गेलेला फुटाणा थैलीत परत येईल, असं समजणं जरा जास्तच झालं.

गल्लीतलं शेवटचं घर वांगी-मेथी पिकवणाऱ्या तानुबाईचं. दंगलीच्या दिवशी तिनं गोधड्या शिवणाऱ्या खुर्शीदबीला गोठ्यात गुरांच्या कुटाराच्या ढिगामागं लपवलं होतं. आणि तेव्हाच तिचा नवरा गोवर्धन पारावर बसून गर्जत होता की त्यांना घरात घेणाऱ्याच्या घरचं मी पाणी पिणार नाही. उभा जन्म ज्याला भाकर वाढली तो असा निघाला, याचं तिला फार वाईट वाटे. त्याला कळलं तर काय, ही धास्ती वेगळीच.

गोवर्धननं थैलीत हात घातला, पाठ फिरवून दाणा पाहिला आणि ऐटीत म्हणाला, "हो." मग लगेच, "फुटाणा निघाला, त्याले मी का करू?"

तानुबाईच्या हाती कच्चा हरभरा आला. तिला वाटलं, नवरा समोर असताना खरं बोलायची अशी सोय पुन्हा कधी मिळणार? "हो," ती म्हणाली. दोन महिन्यांनी तिला मोकळा श्वास आला.

तेवढ्यात शेजारची माणिकबाई दारात आली. "पोरी, आणखी फुटाणे हायेत का वं? पोट्टे रडून राहिले. तुह्या थैलीतले तं आमच्याच घरी सरले."

गीतांजलीनं थैली सुपात उपडी केली. सगळा कच्चा हरभरा. फुटाणा औषधालासुद्धा नव्हता. माणिकबाई नाइलाजानं परत गेली. गीतांजलीचा चेहरा उतरला. "काका, काकू, मी तुमचं उत्तर लिहीत नाही," ती पुटपुटली आणि सामान आवरून निघून गेली.

घरात नवरा-बायको आणि सूप उरलं.

"फुटाणा निघाला म्हणे," तानुबाई म्हणाली.

गोवर्धन हरभरे निवडायला लागला. उभ्या जन्मात त्यानं घरातलं धान्य निवडलं नव्हतं.

"खुर्शीदबी गोठ्यात होती, थे मले मालूम होतं," तो शेवटी म्हणाला. "पारावरून गोठ्याचं दार दिसते. मी तिथं बोंबलत नसतो बसलो, तं थे दंगलवाले आपल्याकडं आले नसते का?"

"मंग मले कावून नाई सांगतलं?"

"तू सांगतलं का मले?"

तानुबाईला हसू आलं आणि रडूही आलं. हा माणूस आपलाच आहे, या आनंदापुढं त्याच्यावरचा दोन महिन्यांचा राग कुठल्या कुठं गेला.

"उद्या खुर्शीदले जेवाले बोलावतो मी," ती डोळे पुसत म्हणाली.

"बोलाव. दार लावून घेजो."

"नाई. दार उघडं ठेवीन."

गोवर्धनचा चेहरा पडला. गल्लीत माणिकबाई होती, पलीकडं अख्खं गाव होतं. त्यानं मूठभर हरभरे उचलले आणि परत सुपात सोडले.

"ठेव उघडं," तो म्हणाला. "मीबी तिच्यासंगंच बसतो जेवाले."