निरोप न घेता उठून गेलेली गोष्ट

मित्रांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही चटईवर बसला आहात आणि कुणीतरी तुम्हाला गोष्ट सांगत आहे. पिवळ्या झग्यातली एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघाली आहे. एका म्हाताऱ्या नावाड्याने तिला आपल्या होडीत घेतलं आहे. भोवरे चुकवत, धबधब्यांना वळसे घालत होडी अखेर एका प्रचंड दारापाशी येते. दार किलकिलं होतं. फटीतून एक लहानसा हात बाहेर येतो. आणि नेमका इथेच गोष्ट सांगणारा उठतो, चपला पायात सरकवतो आणि चालू लागतो. तो पुन्हा कधीच येत नाही.

राग येईल ना? आता आणखी एक कल्पना करा. सांगणारा निघून गेला, आणि त्याच्याऐवजी सगळे तुमच्यावरच तुटून पडले. ‘तूच विसरलास, तूच बिघडलास!’ माझ्या बाबतीत अगदी हेच घडलं.

मी एक जुनं गेमचं यंत्र आहे. रंगाने करडा, अंगाने चपटा, डोक्यावर गोल झाकण. झाकण उघडून पोटात चकती ठेवली की ती गरगर फिरते. माझा एक बारीकसा डोळा ती वाचतो आणि टीव्हीच्या पडद्यावर चित्रं धावू लागतात. लक्षात ठेवा, मी फक्त वाचणारा आहे. चकतीवर जे लिहिलेलं नाही, ते मी कुठून आणणार?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरे मोजे घातलेल्या हातांनी माझे स्क्रू आवळले आणि मला थर्माकोलच्या कुशीत निजवलं. जहाजातून मी जावा बेटावर आलो. पहिली काही वर्षं सेमारांग शहरातल्या एका श्रीमंत मुलाच्या खोलीत गेली. त्याच्या घरी माझ्याहून नवं यंत्र आलं तसा मी जुन्या बाजारात पोहोचलो. तिथून बू सुमिनार यांनी मला मुंतिलानला आणलं. मेरापी डोंगराच्या पायथ्याचं हे गाव. बूंनी घराच्या पुढच्या खोलीत चटया अंथरल्या, चार टीव्ही मांडले आणि गल्लीतल्या मुलांना तासावर गेम खेळायला देऊ लागल्या. ‘बू’ म्हणजे आई. पण गल्लीतली सगळी मुलं त्यांना बूच म्हणत.

चार यंत्रांत मी सगळ्यात म्हातारा. चकती फिरताना मला थोडी धाप लागे. म्हणून मुलांनी माझं नाव ‘म्बाह’ ठेवलं, म्हणजे आजोबा. ‘म्बाहला आधी गरम होऊ द्या रे,’ असं ती आपसात सांगत. कुणी माझ्या पाठीवरची धूळ फुंकून टाकी, कुणी शेजारी पंखा लावी. मित्रांनो, फुशारकी मारत नाही, पण माझ्यासमोरची चटई कधी रिकामी नसायची.

त्या वर्षी रमजानच्या दिवसांत गल्लीतली लारास आणि तिचा दोस्त दामार रोज दुपार कलली की येऊन बसत. दोघंही मोठ्यांसारखा पूर्ण रोजा धरत. पोटात कावळे ओरडू लागले की संध्याकाळ लांबत जाते. ती कशीतरी ढकलायची म्हणून अख्खी गल्ली बूंच्या खोलीत लोटे. लारासच्या हाती लागली होती एक जपानी चकती, मी मघाशी सांगितलेल्या त्या मुलीची आणि नावाड्याची. पडद्यावरची अक्षरं दोघांना काडीचीही कळत नव्हती. मग काय, संवाद ती स्वतःच रचत.

‘पोरी,’ दामार नावाड्याचा घोगरा आवाज काढे, ‘होडीत बसायचं तर नाक दाबून बस. काल यातूनच दुरियानची उग्र वासाची फळं नेली होती!’

‘गप रे. ती असलं काही बोलत नाहीये,’ लारास म्हणे. मग बारीक आवाजात, ‘आजोबा, जरा लवकर चला ना. माझा भाऊ एकटा झोपत नाही.’

‘लवकर कसा चालू? माझाही रोजा आहे!’

मागे बसलेली मुलं खो खो हसत. मशिदीतला मोठा ढोल वाजला की सगळी बूंच्या स्वयंपाकघराकडे धावत. नारळाच्या दुधात शिजवलेल्या गोड केळ्यांचे वाडगे तिथे तयार असत. त्या पळापळीतही लारास मागे वळून माझं बटण बंद करायला विसरत नसे.

दामारला त्या गोष्टीची घाई होती, त्याला कारण होतं. त्याचे वडील समुद्रापलीकडे कालीमंतानात पामतेलाच्या मळ्यावर कामाला होते. ईदला ते येणार आणि ईदनंतर सगळ्या घराला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. ‘जायच्या आधी मला तो भाऊ सापडलेला बघायचाय,’ दामार म्हणाला. ‘दोघं मिळून बघू. नक्की,’ लारास म्हणाली.

ईद तोंडावर आली असताना होडी त्या दाराशी पोहोचली. दार किलकिलं झालं, छोटा हात बाहेर आला, लारासने दामारचं मनगट घट्ट धरलं... आणि पडदा काळा झाला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली. काही वेळाने पुन्हा पहिलंच चित्र आलं. रिकामी नदी, काठाला बांधलेली होडी.

‘अरे! हे तर पहिल्यापासून सुरू झालं!’

‘म्बाह विसरले!’ मागचा एक मुलगा म्हणाला. ‘आमचे आजोबा असेच करतात. अर्धी गोष्ट सांगून झाली की म्हणतात, एक होता राजा.’

सगळे हसले, पण लारास आणि दामार हसले नाहीत.

त्यांनी ते दार पुन्हा गाठलं. पुन्हा तेच. मग उपचार सुरू झाले. आमच्या गल्लीत यंत्र चकती वाचेनासं झालं की त्याला उलटं करायची रीत आहे. दामारने मला डोक्यावर उभं केलं. मग कुशीवर. कुणी चकतीला दात घासायची पेस्ट चोळली, कुणी केळ्याची साल. दुरुस्तीवाले पाक जितो आले (पाक म्हणजे काका), त्यांनी माझं पोट उघडून डोळ्याचा स्क्रू पिळला. मला आधी दिसत होतं त्यापेक्षाही अंधुक दिसू लागलं. मी जीव तोडून वाचत होतो, मित्रांनो. पण त्या पांढऱ्या ओळीच्या पुढे चकतीवर काहीच नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

‘चकती तूच ओढणीने पुसलीस. चरा पडला,’ दामार लारासला म्हणाला.

‘आणि तू म्बाहला उलटं केलंस ते? तुला उलटं टांगून विचारलं तर तू तरी धड सांगशील का?’

‘काल म्हणालीस चकती नीट आहे, मग आज का होत नाही?’

‘मला काय माहीत! तुझ्याच हाताला घाई.’

‘ठेव तुझी चकती. मला काय, मी जाणारच आहे.’

‘जा ना मग. कुणी धरून ठेवलंय?’

हे वाक्य तोंडातून सुटलं मात्र, लारासचा चेहरा पडला. पण सुटलेलं वाक्य कुणाला परत गिळता येतं? दामार उठून गेला. त्यानंतर तो आला नाही. बूंनी मला टेबलाखाली सरकवलं, तोंड भिंतीकडे करून. दिवसभर मला फक्त भिंतीचा उडालेला रंग दिसे आणि मुलांची पावलं ऐकू येत.

ईद आली. नवे कपडे घालून मुलं घरोघर मोठ्यांच्या पाया पडत फिरत होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळे एकमेकांची माफी मागतात, बाहेरून आणि आतूनही. लारासची आई तिला दामारपुढे घेऊन उभी राहिली. हे बूंच्याच खोलीत झालं म्हणून मी ऐकू शकलो.

‘चुकलं असेल तर माफ कर,’ लारास म्हणाली.

‘तूपण,’ दामार म्हणाला.

दोघांचे तळवे टेकले असतील, पण शब्द अगदी कोरडे होते. बू पुटपुटल्या, ‘ही बाहेरून झाली. आतून कधी होणार?’

ईदला परगावी गेलेले सगळे घरी येतात. बूंचा पुतण्या पांजी जपानहून आला. तिकडे तो कारखान्यात शिकाऊ म्हणून होता. नारळाच्या पानांत उकडलेला केतुपातचा भात आणि कोंबडीचा रस्सा हाणून झाल्यावर तो सुस्तावून चटईवर पसरला आणि त्याला मी दिसलो.

‘अगं, हे म्हातारं इथे का तोंड लपवून बसलंय?’

‘विसरभोळं झालंय ते,’ बू म्हणाल्या. ‘लारास, दाखव गं मास पांजीला.’

लारास नाखुशीनेच आली. मास म्हणजे दादा. मला बाहेर काढलं, पुसलं, चकती घातली. मी पुन्हा एकदा वाचलं. दार, हात, काळा पडदा, ती ओळ.

पांजी उठून बसला. ‘हीच का ती? अरे देवा! आमच्या खोलीतला जपानी पोरगा याच गेमवर दातओठ खातो. ही ओळ वाचून दाखवू? “उरलेली गोष्ट पुढच्या भागात.”’

‘मग पुढचा भाग कुठाय?’ लारास ताडकन म्हणाली.

‘निघालाच नाही. काढू म्हणाले आणि कंपनीच बंद केली. तिकडची मुलंसुद्धा अजून त्या दारातच उभी आहेत.’

मग लारास इतक्या जोरात ओरडली की बाहेर कोंबड्या उडाल्या. ‘मग सुरू तरी कशाला केली? भाऊ सापडला की नाही एवढं तरी सांगायचं! इतके दिवस आम्ही रोज त्याला शोधतोय!’

‘निरोप न घेताच गेले म्हण की,’ बू म्हणाल्या. ‘आपल्याकडे अंडी विकायला आलेला माणूससुद्धा “येतो हं” म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.’

लारासने डोळे पुसले. मग एकदम तिच्या लक्षात आलं. ‘म्हणजे चरा पडलाच नव्हता! माझी काही चूक नव्हती! आता येऊ दे त्या दामारला. असं सुनावते ना!’

मित्रांनो, इथे मी जरा थांबतो, कारण मला तुम्हाला काही सांगायचं आहे. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या गोष्टी वाचण्यात गेलं. एखादी गोष्ट अडली की माणसं आधी वाचणाऱ्याला झोडपतात, मग एकमेकांना. पाठीवर थाप मारा, धूळ फुंका, हवं तर स्क्रूही पिळा, पण ओरडण्याआधी एकदा बघा की अडलंय ते नेमकं कुठे. आणि तुम्ही मोठे होऊन कुणाला गोष्ट सांगायला बसलात तर ती शेवटाला न्या. नेता येत नसेल तर तसं सांगून उठा. ऐकणारं मूल असतं. ते दारात वाट बघत उभं राहतं.

आता पुढचं सांगतो.

दामारच्या घरची निघायची सकाळ उजाडली. गल्लीच्या तोंडाशी ट्रक लागला होता. रीतीप्रमाणे दामारची आई त्याला घेऊन घरोघर निरोप घेत आमच्याकडे आली. बूंनी चहा ठेवला. ‘इतकी वर्षं शेजार झाला, चुकलंमाकलं पोटात घाला,’ असं दामारची आई म्हणाली. ‘तुम्हीच आमचं पोटात घाला,’ बू म्हणाल्या, आणि दोघी रडू लागल्या.

लारास आतल्या दाराशी उभी होती. मी आता पुन्हा टेबलावर होतो, मला ती सरळ दिसत होती. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे शब्द तिच्या ओठांवर येऊन बसले होते. दामार पायाच्या अंगठ्याने चटईची काडी उकरत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा चटईकडे. बाहेर ट्रकने भोंगा वाजवला.

लारास पुढे आली.

‘चकती नीट आहे,’ ती म्हणाली. ‘त्यांनी गोष्टच तेवढी केलीये. मास पांजीने वाचलं.’

‘म्हणजे? पुढचं?’

‘पुढचं कुणालाच माहीत नाही. जपानातपण नाही.’

दामारचे कान लाल झाले. ‘मग मी तुला उगाचच...’

‘मीपण. म्हणायला नको होतं. जा म्हणून.’

‘दामार, चल बाळा,’ त्याची आई डोळे टिपत उठू लागली. भोंगा पुन्हा वाजला. बूंनी मुलांकडे एक नजर टाकली आणि तिच्या अर्ध्या कपात पुन्हा काठोकाठ चहा ओतला. ‘बस गं. गरम चहा टाकून जाऊ नये. ट्रकला काय पाय फुटणारेत?’

मला वाटलं, लारास आता माझं बटण दाबेल. तिने ते दाबलं नाही. दामारची बाही ओढून तिने त्याला चटईवर बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर मांडी घातली. दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून तिने त्यांचं दार केलं, ते हळूच किलकिलं केलं आणि त्याच्यासमोर धरलं.

‘बोल,’ ती म्हणाली. ‘नावाडी काय म्हणतो?’